परवान्याचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर विकायचे आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती भारतातल्या, मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातल्या खासगी परवानाधारकांसाठी आहे. आधार शस्त्र अधिनियम, १९५९, त्यातली १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेली सुधारणा आणि शस्त्र नियम, २०१६ यांचा. एकाच उत्तरात सगळे सांगितलेले नाही. जिथे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवले आहे तिथे तो वाचावाच.

१. माझ्याकडे परवान्याचं रिव्हॉल्वर आहे. ते मी थेट दुसऱ्या माणसाला विकू शकतो का, की दुकानदारामार्फतच विकावं लागतं?

थेट विकता येते. शस्त्रविक्रीचा धंदा करायला वेगळा परवाना लागतो, पण स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेले हत्यार विकण्याची मुभा कलम ५(२) परवानाधारकाला देते. त्याला दोन अटी आहेत. घेणारा ते हत्यार बाळगायला कायद्याने पात्र हवा आणि विक्रीचा इरादा आधी लेखी कळवून ४५ दिवस उलटलेले हवेत. गाडी विकताना आपण चावी आधी देतो आणि आरटीओचे कागद सवडीने करतो. इथे तसे केले की तो गुन्हा होतो (प्रश्न २२).

२. अर्ज नेमका कुठे करायचा?

ज्याने परवाना दिला किंवा ज्याच्याकडे तो आता नोंदलेला आहे, त्या परवाना प्राधिकाऱ्याकडे. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक अशा आयुक्तालयांच्या हद्दीत पोलीस आयुक्त; बाकी महाराष्ट्रात आणि गोव्यात जिल्हादंडाधिकारी. जिल्हाधिकारी कार्यालयात हे काम बहुधा गृह शाखेकडे असते. कलम ५ मध्ये जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी यांपैकी एकाला कळवले तरी चालते असे म्हटले आहे. तरी अर्ज प्राधिकाऱ्याकडे देऊन एक प्रत ठाण्यात द्यावी, कारण चौकशीचा कागद शेवटी ठाण्यातच येतो.

३. कायद्यात नुसतं ‘कळवा’ म्हटलंय. मग ऑफिसवाले ‘परवानगी घ्या’ का म्हणतात? ४५ दिवस झाले, उत्तर नाही, आता विकू का?

कायद्याचे शब्द ‘लेखी माहिती’ आणि ‘किमान ४५ दिवस’ असेच आहेत. तो काळ घेणाऱ्याची चौकशी करायला पोलिसांना मिळावा, हा हेतू. पण व्यवहार पूर्ण होतो तो दोन्ही परवान्यांवर नोंद झाल्यावर, आणि ती नोंद कार्यालयाच्या हातात आहे. म्हणून प्रत्यक्षात विक्रीची लेखी परवानगी किंवा ना हरकत घेतली जाते.

४६व्या दिवशी उत्तर आले नाही म्हणून हत्यार देऊन टाकणे कागदावर मांडता येईल, पण शहाणपणाचे नाही. खरेदीदाराच्या परवान्यावर नोंद झाली नाही तर त्याच्याकडे बिननोंदीचे हत्यार आणि तुमच्या परवान्यावर मात्र आता तुमच्याकडे नसलेल्या हत्याराची नोंद, अशी दोघांचीही पंचाईत होते. स्मरणपत्र द्या, आवक क्रमांक टाकून भेटा, गरज पडली तर माहिती अधिकारात अर्जाची सद्यस्थिती विचारा.

मोजणी सुरू होते ती अर्ज आवक झाल्याच्या तारखेपासून. म्हणून आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. टपालाने पाठवायचा तर पोचपावतीसह.

४. अर्जात काय काय लिहायचं आणि सोबत काय जोडायचं?

तुमचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, युआयएन (राष्ट्रीय माहितीकोशातला क्रमांक, प्रश्न ५) आणि मुदत. हत्याराचा प्रकार (मॅगझिनचे पिस्तूल की फिरत्या घरांचे रिव्हॉल्वर), उत्पादक, बोअर (नळीच्या व्यासाचे माप), पूर्ण अनुक्रमांक. सोबत जाणाऱ्या काडतुसांची संख्या. खरेदीदाराचे पूर्ण नाव, पत्ता, परवाना क्रमांक, युआयएन. विक्रीचे कारण एका ओळीत पुरते. ‘वयोमानामुळे वापर नाही’ एवढे लिहिले तरी चालते.

जोडायचे कागद: दोन्ही परवान्यांच्या सर्व पानांच्या प्रती (कोरी पानेसुद्धा), दोघांचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, मूळ खरेदीची पावती असल्यास ती, आणि खरेदीदाराचे संमतीपत्र. काही कार्यालये गुन्हा दाखल नसल्याचे प्रतिज्ञापत्र मागतात. ‘खरेदीदार नंतर कळवतो’ असा अर्ज देऊन ४५ दिवस मोजता येत नाहीत, कारण कळवण्यात घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता असणे ही कलमातलीच अट आहे. खरेदीदार बदलला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

५. खरेदीदाराकडे परवाना आहे म्हणतो. मी नेमकं काय तपासू?

मूळ परवाना हातात घेऊन पाहा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका. बहुतेक फायली अडतात त्या इथेच.

मुदत: २०१९च्या सुधारणेनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली, पण जुन्या परवान्यावर जी तारीख छापली आहे तीच खरी. तुमच्या ४५ दिवसांच्या मध्येच ती संपत असेल तर आधी त्याला नूतनीकरण करू द्या.

जागा: एका परवानाधारकाला आता जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. त्याच्याकडे दोन आधीच असतील तर व्यवहार होऊच शकत नाही.

प्रकार: परवान्यावर ‘रिव्हॉल्वर’ लिहिले असेल आणि तुम्ही पिस्तूल विकत असाल, तर त्याला आधी दुरुस्ती करून घ्यावी लागेल. दोन्हींना बोलीत ‘पिस्तूल’च म्हणतात, त्यामुळे हा घोळ शेवटच्या टप्प्यावर उघड होतो आणि दीड महिना वाया जातो.

खरेदीची मुदत: नवीन परवान्यावर हत्यार अमुक तारखेपर्यंत घ्यावे असे लिहिलेले असते. ती तारीख गेली असल्यास वाढवून घेणे त्याचे काम.

युआयएन: राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीकोशातला हा क्रमांक नसलेला जुना परवाना वैध धरला जात नाही, मग त्यावर कितीही शिक्के असोत.

वय आणि पात्रता: २१ वर्षांखालील व्यक्तीला अग्निशस्त्र विकता येत नाही. कलम ९ ने ज्यांना हत्यार बाळगायला मनाई आहे असे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना विकणे हा विकणाऱ्याचाही गुन्हा आहे. खरेदीदार गल्लीत दमदाटीसाठी प्रसिद्ध असेल तर परवाना असूनही नाही म्हणण्याचा हक्क तुमचा आहेच, आणि तो वापरावा.

६. परवान्यावरचा नंबर आणि हत्यारावरचा नंबर थोडा वेगळा आहे. चालेल का?

चालणार नाही. ‘थोडा’ म्हणजे बहुधा नक्कल करताना ८ चा बी झालेला असतो, शून्याचा ओ झालेला असतो किंवा क्रमांकाआधीची अक्षरे गळलेली असतात. जुन्या हस्तलिखित परवान्यांवरून माहिती संगणकात चढवताना अशा चुका पुष्कळ झाल्या. खरेदीची पावती आणि जुने परवाने घेऊन आधी दुरुस्तीचा अर्ज करा, दुरुस्ती झाल्यावरच विक्रीचा. क्रमांक पाहताना फक्त बॉडीवरचा पाहू नका. पिस्तुलात स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) आणि नळीवरही असू शकतो.

क्रमांक घासून गेलेला, खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर गोष्ट वेगळी. ओळखचिन्ह नसलेले अग्निशस्त्र विकायला कलम ८ मनाई करते. स्वतः काही कोरू-रंगवू नका. लेखी कळवून प्राधिकाऱ्यासमोर हजर करा.

७. परवानगी आली. प्रत्यक्ष हस्तांतर कसं करायचं?

घरी, हॉटेलात किंवा गाडीत नको. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याच्या दुकानात किंवा कार्यालय सांगेल तिथे करा. तुम्ही स्वतः हत्यार न्या. मुलाच्या किंवा ड्रायव्हरच्या हाती पाठवता येत नाही: तुमच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला हत्यार नेता येते ते दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा तुमच्याच वापरासाठी. त्यात विक्री येत नाही.

निघण्यापूर्वी हत्यार रिकामे करा. पिस्तुलात आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे खेचून चेंबर (नळीच्या मागचे गोळीचे घर) पाहायचा. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये बसते आणि पिस्तूल ‘रिकामे’ समजून हाताळले जाते. रिव्हॉल्वर उघडून सगळी घरे मोजा. काडतुसे वेगळ्या डबीत.

देवाणघेवाणीची पावती तीन प्रतींत करा: दोघांची नावे, युआयएन, हत्याराचे पूर्ण वर्णन, काडतुसांची संख्या, रक्कम, परवानगी आदेशाचा क्रमांक, तारीख आणि वेळ. वेळ लिहायला लोक विसरतात. त्याच दिवशी हत्याराचे काही बरेवाईट झाले तर ते कोणाच्या ताब्यात होते, हे या वेळेवरूनच ठरते. मग तुमच्या परवान्यावरून हत्यार कमी केल्याची आणि त्याच्या परवान्यावर चढवल्याची नोंद करून घ्या. काही जिल्ह्यांत ही नोंद कार्यालयातच होते आणि हत्यार तिथे दाखवावे लागते. आदेश नीट वाचा.

८. उरलेली काडतुसंही देऊन टाकू का?

अर्जात आणि आदेशात संख्या नमूद असेल, आणि खरेदीदाराच्या परवान्यावर त्या बोअरची तितकी मर्यादा असेल, तर देता येतात. कलम ५ ची अट काडतुसांनाही लागू आहे. नसेल तर अर्जात विचारून विक्रेत्याकडे जमा करा. हत्यार गेल्यावर काडतुसे कपाटात राहून जाणे ही नेहमीची चूक आहे.

एक बारकावा: ‘.३२’ एवढेच लिहिलेले पुरेसे नाही. .३२ पिस्तुलाचे काडतूस (७.६५ मिमी) आणि .३२ रिव्हॉल्वरचे लांब काडतूस वेगळे आहे. एकाच्या जागी दुसरे वापरायचे नसते.

९. किंमत कशी ठरवायची? पैसे रोख घेतले तर?

सरकारी दरपत्रक नाही. कानपूरच्या कारखान्याचे .३२ रिव्हॉल्वर आणि परदेशी बनावटीचे जुने पिस्तूल यांच्या भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. खासगी व्यक्तींना परदेशातून हत्यारे आणणे १९८०च्या दशकातच जवळजवळ बंद झाले. त्यामुळे त्याआधी आलेली वेब्ली, वॉल्थर, कोल्ट, ब्राउनिंग अशी हत्यारे मोजकीच उरली आहेत, आणि त्यांचा भाव गुणवत्तेपेक्षा दुर्मीळपणाचा आहे. नव्या पिस्तूल-रिव्हॉल्वरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, त्याचाही जुन्या मालाच्या भावावर परिणाम होतो.

पैसे बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणे आयकर कायद्याने मना आहे. इसारा (आगाऊ रक्कम) घेतलाच तर पावतीवर लिहा, ‘परवानगी न मिळाल्यास परत’. इसारा घेतला म्हणून हत्यार ‘बघायला’ घरी न्यायला देऊ नका.

१०. खरेदीदारच सापडत नाही. दुकानदाराला विकलं तर सोपं पडेल का?

दमछाक कमी होते, भाव कमी मिळतो. परवानाधारक विक्रेता एकतर स्वतः विकत घेतो किंवा जमा ठेवून गिऱ्हाईक शोधतो. पहिल्या प्रकारातही प्राधिकाऱ्याला आधी कळवायचे असतेच. दुसऱ्या प्रकारात त्याच्याकडे शस्त्रे सुरक्षित ठेवण्याचा परवाना आहे का हे पाहा. अनुक्रमांकासह जमा पावती घ्या, आणि महिन्याचे भाडे व विक्रीवरचे कमिशन आधीच लिहून घ्या. दोन वर्षे पडून राहिलेल्या रिव्हॉल्वरचे भाडे किंमतीच्या अंगावर येते.

११. खरेदीदार दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला आहे. काय वेगळं?

दोन प्राधिकारी, म्हणून दोन ना हरकती. तुमचे कार्यालय त्याच्या परवान्याची खातरजमा त्याच्या जिल्ह्याकडून करून घेते आणि या पत्रव्यवहारात ४५ दिवस सहज मागे पडतात. शिवाय क्षेत्रवैधता पाहा. परवाना फक्त जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता असेल, तर हत्यार घेऊन हद्द ओलांडताना तुम्ही किंवा तो, कोणीतरी परवान्याबाहेर जाता. त्यासाठी आधी वेगळी परवानगी लागते. टपाल किंवा कुरिअरने हत्यार पाठवण्याचा विचारही नको.

१२. ऑनलाइन जाहिरात टाकली तर?

जुन्या वस्तूंच्या बहुतेक संकेतस्थळांच्या आणि समाजमाध्यमांच्या नियमांत शस्त्रे बसत नाहीत. जाहिरात निघून जाते, खाते बंद होते. त्याहून मोठी अडचण म्हणजे घरात पिस्तूल आहे हे तुम्ही गावभर सांगितलेले असते. शस्त्र विक्रेता आणि नेमबाजी क्लबमधली ओळखीची माणसे हाच बरा मार्ग.

१३. विकायचं नाही, मुलाला द्यायचं आहे. तरी एवढं सगळं?

हो. कलमात ‘विक्री किंवा हस्तांतर’ आहे. बक्षीस, अदलाबदल, घरातल्या घरात देणे सगळे त्यात येते. मात्र मुलासाठी वेगळी वाट आहे. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा हत्यार बाळगून २५ वर्षे झाली, यांतले जे आधी होईल तेव्हापासून तो आपल्या वारसाच्या नावे परवाना मागू शकतो (शस्त्र नियम, नियम २५). वारसाची पात्रता, पोलीस चौकशी आणि दोन शस्त्रांची मर्यादा त्यालाही लागू.

१४. वडील वारले. त्यांचं रिव्हॉल्वर कपाटात आहे, आमच्यापैकी कुणाकडेच परवाना नाही. आता?

आधी जमा, मग बाकी सगळे. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. तो माणूस गेला की घरातल्यांच्या ताब्यातले हत्यार बिनपरवाना ठरते. कलम २१ नुसार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. दिवसकार्यात काही दिवस गेले तर समजून घेतले जाते. वर्षश्राद्धापर्यंत थांबलात तर नाही.

हत्यार भरलेले आहे की नाही हे माहीत नसेल तर हात लावू नका, ठाण्यात फोन करा. स्वतः नेणार असाल तरी आधी ठाण्यात कळवा, सोबत परवाना आणि मृत्यूचा दाखला ठेवा. जमा पावतीवर बोअर, अनुक्रमांक आणि काडतुसे लिहून घ्या. ‘एक रिव्हॉल्वर जमा’ एवढ्या नोंदीवर दोन वर्षांनी कुठले रिव्हॉल्वर ते सिद्ध करत बसावे लागते.

जमा केल्यामुळे मालकी जात नाही. कायदेशीर वारस एकतर स्वतःच्या नावे परवाना काढून ते परत मागू शकतात, किंवा पात्र व्यक्तीला विकू शकतात. दोन्ही हक्क कलम २१(२) देते. विक्रीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि बाकी वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. बहिणींच्या सह्या राहिल्या म्हणून थांबलेली प्रकरणे कमी नाहीत. खरेदीदाराची तपासणी प्रश्न ५ प्रमाणेच. फार काळ ठाण्यात बेवारशासारखे पडू दिले तर विहित मुदतीनंतर ते शासनजमा होऊ शकते.

१५. मी अमेरिकेत असतो, वडिलांचं पिस्तूल साताऱ्यात जमा आहे. मी काय करू शकतो?

भारतातल्या नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र देऊन अर्ज, सह्या आणि पैसे स्वीकारणे ही कामे करून घेता येतात. हत्यार ताब्यात घेण्याचा हक्क त्याला कुलमुखत्यारपत्राने मिळत नाही. ते ठाण्यातून किंवा दुकानातून थेट परवानाधारक खरेदीदाराकडेच जावे. तुमचा तिकडचा परवाना इथे चालत नाही, आणि आठवण म्हणून बॅगेत घालून नेण्याचा प्रश्नच येत नाही. निर्यातीला वेगळा परवाना लागतो.

१६. माझ्या परवान्याची मुदतच संपली आहे. विकून मोकळं व्हायचं आहे.

मुदत संपलेला परवाना म्हणजे परवाना नसणे. हत्यार आधी जमा करा. मग प्रश्न १४ मधलाच कलम २१(२)चा मार्ग, फरक इतकाच की विकणारे तुम्ही स्वतः. मुदत संपल्यावर घरी ठेवून विक्रीचा अर्ज करणे म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची लेखी कबुली.

१७. ९ मिमीचं पिस्तूल आहे. कोणाला विकता येईल?

सैन्य-पोलिसांची ९ मिमी काडतुसे चालतील अशी हत्यारे ‘निषिद्ध बोअर’मध्ये मोडतात. .४५, .४५५ आणि .३८० चीही तीच गत. त्यांचे परवाने केंद्रीय गृह मंत्रालयाकडून आणि फार थोड्यांना मिळतात. तसा परवानाधारक मिळाला तरच विक्री, आणि अर्जही त्या पातळीवर. .२२, .२५, .३२ या नेहमीच्या बोअरना ही अडचण नाही.

१८. परदेशातून कायमचे परत येताना रीतसर कस्टम भरून आणलेलं पिस्तूल आहे. विकता येईल?

नाही. निवास बदलताना आणू दिलेल्या हत्यारावर अशी अटच असते की आणणाऱ्याच्या हयातीत ते विकता, भाड्याने देता किंवा कोणत्याही प्रकारे हस्तांतरित करता येणार नाही. नेमबाजांनी सवलतीत आणलेल्या हत्यारांवरही स्वतंत्र अटी असतात. आयातीचा मूळ कागद वाचल्याशिवाय खरेदीदाराशी बोलणी करू नका.

१९. सैन्यात असताना आयुध भांडारातून घेतलेलं हत्यार?

‘नॉन सर्व्हिस पॅटर्न’ (सैन्याच्या नेहमीच्या वापरातले नसलेले) म्हणून मिळालेले असेल तर त्यावर लष्कराच्या आदेशांची बंधनेही असतात. नागरी प्राधिकाऱ्याआधी वाटपाचे पत्र पाहा आणि लष्करी परवानगी लागते का ते तिकडे विचारा.

२०. माझ्या परवान्यावर अजूनही तीन हत्यारं आहेत.

तिसरे हत्यार १४ डिसेंबर २०१९ पासून वर्षभरात जमा करायचे होते. ती मुदत केव्हाच गेली. आज ते घरात असणे हाच भंग आहे, म्हणून वकिलाला विचारून आधी ते जमा करा, नंतर विक्री. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांच्या नेमबाजीसाठीच्या .२२ रायफली आणि एअर रायफली यांना सवलत आहे. पिस्तूल त्यात येत नाही.

२१. मध्येच आचारसंहिता लागली तर?

हत्यार जमा करायची नोटीस आली तर करा, पावती घ्या. परवानगी हातात असली तरी ठाण्यातून परत मिळेपर्यंत ते खरेदीदाराला देता येत नाही. निवडणुका तोंडावर असताना इसाऱ्याच्या कागदात तारीख बांधून घेऊ नका.

२२. न कळवता विकलं तर खरंच एवढं काय होतं?

कलम ५ मोडून अग्निशस्त्र विकल्यास कलम २५(१) नुसार किमान ७ वर्षे ते जन्मठेप आणि दंड. २०१९ पूर्वी हे ३ ते ७ वर्षे होते. दोन्ही बाजूंनी परवाने असलेला, पण ४५ दिवस आणि नोंदी गाळलेला व्यवहारही याच कलमात येतो. ‘समोरच्याकडे परवाना होता’ एवढ्याने सुटका होत नाही.

२३. विकल्यावर माझ्या परवान्याचं काय?

दुसरे हत्यार त्यावर असेल तर तो तसाच चालू. एकच होते आणि नवीन घ्यायचे आहे, तर विक्रीच्या अर्जातच तसे लिहा आणि खरेदीची मुदत मागून घ्या. घ्यायचे नसेल तर परवाना परत करा आणि रद्द केल्याचा आदेश घ्या. विक्रीची पावती, परवानगी आणि नोंद झालेल्या पानांच्या प्रती कायम जपा; ते हत्यार पुढे कुठे सापडले तर तपासाची पहिली नोटीस जुन्या नोंदीवरूनही येऊ शकते.

२४. गंजलेलं, न चालणारं आहे आणि कोणी घेत नाही. भंगारात दिलं तर?

भंगारवाल्याला देणे हेही हस्तांतरच. दुरुस्त करूनही वापरता येणार नाही इतके निकामी किंवा पुराणवस्तू स्वरूपाचे हत्यार कलम ४५ मध्ये वगळलेले आहे, पण ते तसे आहे हे तुम्ही ठरवायचे नाही. शंभर वर्षांहून जुने असेल तर पुरावस्तू कायदाही येतो, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. साधा मार्ग असा: प्राधिकाऱ्याला अर्ज करून हत्यार शासनजमा करायचे, परवान्यावरून नोंद काढून घ्यायची आणि पावती घ्यायची. पैसे मिळत नाहीत.